गाठ बघणारा

शिट्टी पडला तेव्हा मी गच्चीवर बसून रंग गाळत होतो. बादलीच्या तोंडाला फडकं बांधायचं, वरून रंग ओतायचा, गुठळ्या फडक्यात राहतात. पडल्याचा आवाज मला आला नाही. खालून लोकांचा ओरडा आला तेव्हा मान वर केली. दादा कठड्यावर दोन्ही हात टेकून उभा होता आणि खाली बघत नव्हता. समोर बघत होता.

तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

आम्ही उंच इमारतींना बाहेरून रंग देतो. दादा, मी आणि शिट्टी, तिघांची टोळी. दोराला लटकवलेल्या फळीवर बसायचं, भिंत घासायची, रंग मारायचा, एक मजला खाली सरकायचं. प्रत्येकाला दोन दोर. एक फळीचा, एक कमरेच्या पट्ट्याचा. दोन्ही गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना बांधायचे. एक सुटला तर दुसरा धरतो. शिट्टीचे दोन्ही सुटले.

आमच्या कामात एक पद्धत आहे, ती आधी सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. ज्याने गाठ मारली त्याने "बांधली" म्हणायचं. मग दुसऱ्याने जाऊन ती हाताने चाचपायची, अंगाचा भार टाकून ओढायची, आणि "बघितली" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय तिसऱ्याने कठड्यावरून पाय टाकायचा नाही. बांधणाऱ्याने स्वतःची गाठ बघितलेली चालत नाही. हे मला दादानेच शिकवलं, पहिल्याच दिवशी, कान धरून.

पाच वर्षं मी एकेक गाठ चाचपली. मग कंटाळा म्हणा, सवय म्हणा. दादाच्या गाठीत कधी काही निघायचंच नाही. एकदा काम संपल्यावर त्याची गाठ सोडवताना शिट्टी आणि मी घामाघूम झालो, तेव्हा शिट्टी म्हणाला, वहिनी का पळून गेली नाही ते आज कळलं. दादा पोट धरून हसला होता. तर शेवटची दोन वर्षं, बांधणारा दादा असला की मी बसल्या जागेवरून "बघितली" म्हणून मोकळा व्हायचो. त्या दोघांना हे माहीत होतं. कोणी काही बोलायचं नाही.

त्या सकाळी दादा म्हणाला, बांधली. माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले. मी म्हणालो, बघितली. शिट्टीने पाय टाकला.

शिट्टी हा दादाचा शाळेपासूनचा मित्र. भिंतीवर असला की सतत शिट्टी वाजवायचा आणि ती सुरात कधीच नसायची. दादा म्हणायचा, आपण रंग मारून होईपर्यंत हा कबुतरांना बेघर करतो. लग्न केलं नव्हतं, आई आणि तो, दोघंच.

आणि दोन वर्षांपूर्वी शिट्टीच्या हातून दादाची मुलगी गेली.

छकुली चार वर्षांची होती. शिट्टी गोदामातून दोर आणि डबे घेऊन टेम्पो आमच्या गल्लीत घेऊन आला. वळवायला जागा नव्हती म्हणून मागे घेतला. मागे बघितलं नाही. एवढंच. छकुली दारासमोर खडूने रेघोट्या मारत बसली होती.

पोलीस अपघात म्हणाले आणि तो अपघातच होता. सुटून आल्यावर शिट्टी आमच्या दाराबाहेर तीन दिवस बसला. खाल्लं नाही, कोणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दादा बाहेर गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऊठ म्हणाला. महिन्याभराने त्याला कामावरही त्यानेच बोलावलं. सगळी गल्ली म्हणाली, काय काळीज आहे माणसाचं. मीही म्हणालो. मला भावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

त्यानंतर शिट्टीने टेम्पोला हात लावला नाही. शिट्टी वाजवणंही बंद. सहा महिन्यांनी एकदा भिंतीवर त्याच्या नकळत तोंडातून शिट्टी निघाली, तो दचकून थांबला आणि वर दादाकडे बघायला लागला. दादा म्हणाला, वाजव.

दादा मात्र आतून बदलला होता. पूर्वी देवाचं नाव घेणारा तो नव्हता. आता उजाडायच्या आत उठून भिंतीकडे तोंड करून तासभर बसायचा. कामावरही ओठ हलत असायचे. मी म्हणायचो, बरं आहे, कशाला तरी धरून आहे.

शिट्टी गेल्यावर चौकशी झाली. चौकशीचे साहेब गच्चीवर आले, कड्या बघितल्या, फोटो काढले. दादा म्हणाला की दोन्ही गाठी मी नीट मारल्या होत्या, पण शिट्टीला त्या हलवायची सवय होती, ऐनवेळी सोडून त्याने स्वतःच परत बांधल्या असणार. मला विचारलं, तू बघितल्या होत्यास? मी म्हणालो, हो. दोन्ही बघितल्या? हो. साहेबांनी लिहिलं, मी सही केली. पेन हातातून सटकत होतं इतका घाम होता.

कागदावर आलं, कामगाराची स्वतःची चूक.

तो कागद शिट्टीच्या आईला मिळाला. तीनेक आठवड्यांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचा नवराही रंगारीच होता, त्यामुळे त्यांना आमचं काम आमच्यापेक्षा जास्त कळतं. खोली एकच. खिडकीत शिट्टीचा कामाचा सदरा वाळत घातलेला. त्या तो अजून धुवायच्या.

कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, लोक मला सांगतात तो प्यायला असेल. माझा मुलगा पीत नव्हता. मी म्हणालो, माहीत आहे मावशी.

"तू गाठ हाताने बघितली होतीस?"

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी हात मांडीखाली घेतले, लहान मुलासारखे. मग चहा करते म्हणाल्या. मी कामाचं निमित्त सांगून उठलो.

तिथून सरळ दादाकडे गेलो. तेव्हा संध्याकाळ होत होती. वहिनी मोरीत कपडे घासत होत्या, दादा पलंगावर बसून दोराची टोकं जाळून घट्ट करत होता, टोक उसवू नये म्हणून करतात तसं. मी दार लोटलं आणि एका दमात सांगून टाकलं. की मी गाठ बघितलीच नव्हती. की मी उद्या जाऊन साहेबांना खरं सांगणार. शिट्टीच्या नावावरची चूक काढून माझ्या नावावर घ्यायची. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि मी दोन वर्षांत छकुलीसाठी सोडून कशाला रडलो नव्हतो.

दादाने दोर बाजूला ठेवला. मला जवळ ओढून बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला.

"माझीच आहे. मी नुसता हात लावला असता तरी—"

"तू हात लावला नाहीस, कारण तू लावू नयेस असं त्याला वाटत होतं."

मला कळेना. "कोणाला?"

"देवाला."

मग त्याने सांगितलं. अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तसं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून सांगत होता, हे मला आजही पटतं.

दोन महिन्यांपूर्वी तो एका उंच भिंतीवर एकटा घासकाम करत होता. भर दुपार. छकुली गेल्यापासून तो देवाला एकच गोष्ट विचारत होता, आणि त्या दुपारी उत्तर आलं. आवाज असा नव्हता, पण कळलं. जिवाला जीव. त्याने ऐकायचं नाकारलं. तीन दिवस उपाशी राहून परत विचारलं. परत तेच. मग त्याने देवाला सांगितलं, मी दोन्ही गाठी खोट्या मारीन, हात लावला की सुटतील अशा. तुला हे नको असेल तर माझ्या भावाला उठवून गाठीपाशी आण. त्याने हात लावला की मी समजेन माझंच ऐकण्यात चुकलं. गाठी परत बांधीन आणि जन्मभर तुझी माफी मागीन.

"आणि तू उठला नाहीस," दादा म्हणाला. "मी वाट बघितली. मोजून दहा श्वास थांबलो, मग बांधली म्हणालो. तरी तू उठला नाहीस. मग मला शंका राहिली नाही."

 मी म्हणालो, "दादा, मी रंग गाळत होतो. हात खराब होते. मला उठायचा कंटाळा आला होता."

"कंटाळा कोण देतो?"

 हा माझा भाऊ. याने मला सायकल शिकवली, याने मला दोर शिकवला. शिट्टी गेल्यापासून मी बघत होतो की त्याला नीट झोप लागते, जेवण जातं, आणि मला वाटत होतं चला, दुःख कमी होतंय.

मी विचारलं, मग साहेबांसमोर खोटं का बोललास? शिट्टीने स्वतः गाठ सोडली म्हणून? तेही देवाने सांगितलं का?

तेवढ्यावर त्याने मान खाली घातली. "नाही. ते मी बोललो. घाबरलो."

एवढी एकच गोष्ट त्याने स्वतःच्या नावावर घेतली.

मोरीतला घासण्याचा आवाज कधी थांबला ते आम्हाला कळलं नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत फेस, हातातून पाणी गळत होतं. त्या भडकतील असं वाटलं. पण एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तशा आवाजात त्या दादाला म्हणाल्या,

"माझी मुलगी गेली तेव्हा तूच मला म्हणालास, देवाची मर्जी. वर्षभर म्हणत होतास. मी मनाशी घट्ट धरून ठेवलं ते. मग शिट्टीने काय केलं रे? त्यानेही मर्जीच पुरी केली ना? तुझं खरं असेल तर तोही खरा. मग त्याला मारलंस कशाला?"

दादा म्हणाला, ते वेगळं. कसं वेगळं ते सांगायला त्याने दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा वाक्य अर्ध्यावर राहिलं. मग म्हणाला, माणसाने स्वतःच्या रागाने मारलं तर तो खून. त्याने सांगितल्यावर मारलं तर खून नाही, जीव त्याचाच असतो, तो कधीही परत मागू शकतो.

"मागू दे ना," वहिनी म्हणाल्या. "त्याला ताप देता येतो, काय वाटेल ते देता येतं. त्याला माझ्या नवऱ्याचे हात कशाला लागतात?"

आणि त्या आत जाऊन परत कपडे घासायला लागल्या. तेच कपडे. धुऊन झालेले.

मला आत एक वेगळीच गोष्ट कुरतडत होती. बोलू की नको करत शेवटी बोललो.

"शिट्टीने मागे बघितलं नाही म्हणून एक जीव गेला. म्हणून त्याला मरण. मीही बघितलं नाही दादा. माझ्यामुळेही एक जीव गेला. मग माझं काय?"

"तुझ्याबद्दल त्याने काही सांगितलेलं नाही."

"आणि सांगितलं तर?"

दादाने बाजूला ठेवलेला दोर परत हातात घेतला.

मला वाटलं होतं तो लगेच म्हणेल, वेडा आहेस का. डोक्यात टपली मारेल. मी खरंच वाट बघत होतो. त्याच्या कपाळावरची शीर हलत होती, ओठ हलत होते, त्याचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, मला दिसत होतं त्याला किती त्रास होतोय. पण नाही हा शब्द त्याला सापडला नाही. आणि माझ्या लक्षात आलं की त्याला तो शब्द म्हणताच येणार नाही. छकुली असती आणि तिच्याबद्दल विचारलं असतं, तरीही आला नसता.

मी उठलो. म्हणालो, उद्या सकाळी साहेबांकडे जाणार. माझंही सांगणार आणि तुझंही.

त्याने मला अडवलं नाही. म्हणाला, "जा. त्याला नको असेल तर तुझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

रात्रभर मी घरी कूस बदलत राहिलो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की दादाचं खरं ठरावं. साहेबांसमोर घसा बसावा, जीभ जड व्हावी, आणि मला सांगता येऊ नये. म्हणजे माझा भाऊ खुनी नाही आणि मी त्याला पकडून देणारा नाही. किती सोपं. गच्चीवर बसल्या जागेवरून "बघितली" म्हणण्याइतकं सोपं.

सकाळी साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता, भिंतीला ओल आली होती, रंग पोपडे धरून सुटला होता. साहेबांनी बस म्हटलं. मी बोलायला लागलो आणि शब्द निघाले. एकही अडखळला नाही. सात-आठ मिनिटांत संपलं. सात वर्षं एका माणसाच्या मागे चाललो, आणि सात-आठ मिनिटं. साहेबांनी मध्येच पेन थांबवून विचारलं, सख्खा भाऊ? मी म्हणालो, सख्खा. त्यांनी मला पाणी दिलं आणि पोलिसांना फोन लावायला बाहेर गेले.

पोलीस आले तेव्हा दादा तयारच होता. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. जिन्यात माझ्यासमोर थांबला.

"बोलता आलं?" त्याने विचारलं.

"आलं."

त्याने मान हलवली.  पण त्याचा चेहरा उतरताना मी बघितला. पोलिसांनी हाताला धरलं तेव्हा तो शांत होता, माझा शब्द ऐकल्यावर उतरला.

त्याच दुपारी मावशींकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, माझं आधी, दादाचं नंतर.  पानं एकीकडे, देठं एकीकडे. संपल्यावर म्हणाल्या, म्हणजे त्याने काही चूक केली नव्हती. मी म्हणालो, नाही मावशी, त्याची काही चूक नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं,

"तुझ्या भावाला फाशी देतील?"

मी म्हणालो माहीत नाही, देऊही शकतात.

"नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "आता कोणी कोणाच्या नावाने कोणाला मारू नका." मग ताट उचललं, उठल्या, आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "तू आता येत जाऊ नकोस. तू वाईट नाहीस. पण येऊ नकोस."

मी गेलो नाही परत.

मला कामावरून काढलं आणि ते बरोबरच केलं. खोटी सही केल्याबद्दल माझ्यावरही खटला चालू आहे. वहिनी भावाकडे राहायला गेल्या. जाताना छकुलीचे दोन फ्रॉक घेतले आणि दादाचं काही घेतलं नाही. पण तुरुंगात त्याला घालायला कपडे मात्र त्यांनीच शिवून माझ्याकडे पाठवले. मी विचारलं, भेटायला येणार? म्हणाल्या, भाऊजी, मला त्याला काय विचारायचं होतं ते विचारून झालंय.

गेल्या आठवड्यात मी भेटीला गेलो. जाळीच्या पलीकडे दादा. खूप वाळलाय. शेजारच्या खिडक्यांवर लोक एकमेकांवर ओरडून बोलत होते, त्यामुळे आम्हालाही ओरडावं लागत होतं. जेवण कसं आहे, झोप लागते का. झोप लागत नाही म्हणाला. पहाटे उठून भिंतीकडे तोंड करून बसतो का, असं मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं की आता बसत नाही.

मग जाळीला कपाळ टेकवून काहीतरी म्हणाला. गोंगाटात ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला.

"तुला बोलू दिलं त्याने," दादा म्हणाला. "म्हणजे त्याला मी इथे हवा होतो. मग त्या दुपारी भिंतीवर माझ्याशी कोण बोललं?"

मला उत्तर माहीत होतं असं मला वाटतं. तोंडापर्यंत आलंही होतं. त्याचे डोळे अगदी जवळ होते, लाल झालेले, आणि तो मला असं विचारत होता जसं मी लहानपणी त्याला विचारायचो, कुठलीही गोष्ट, की दादाला ठाऊक असणारच.

मी म्हणालो, "माहीत नाही रे."

शिपायाने वेळ संपली म्हणून सांगितलं. बाकीचे उठले. दादा उभा राहिला पण जाळी सोडेना, आणि मीही माझ्या बाजूने बोटं त्याच्या बोटांवर ठेवून उभा राहिलो, शिपाई येऊन ती एकेक करून सोडवेपर्यंत.